गाईची दगडी: दिसायच्या आधी कशी ओळखायची अन् कोठ्यात कशी आवरायची

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) नाहीतर जर्सी क्रॉसच्या एक-दोन गाई घेऊन नवीनच दुधाच्या धंद्यात उतरला असाल तर हे पूर्ण वाचून घ्या. आपल्या इकडे विदर्भात कापूस, सोयाबीन, तुरीच्या जोडीला गाय घेणारे बरेच झालेत, अन् पहिल्याच वर्षी माणूस जिथं खचतो ती गोष्ट म्हणजे दगडी, म्हणजे कासदाह, डॉक्टर त्याला मस्टायटिस म्हणतात.

मला लोकांचे फोन येतात ते जवळपास एकाच वाक्याचे असतात. "भाऊ, काल संध्याकाळपर्यंत चांगली दूध देऊन राहिली होती, आज सकाळी एक सड कडक झालं, हातच लावू देत नाही." कधीकधी खरंच एका रात्रीत होतं, पण पुष्कळदा रोग आत महिना-दीड महिना आधीपासून बसलेला असतो, दूध वरून चांगलं दिसतं, कास मऊ असते, गाय ढेप खाते, रवंथ करते, फक्त दूध हळूहळू कमी होतं अन् आपण म्हणतो चारा बदलला, ऊन वाढलं, नजर लागली. ही लपलेली दगडीच जास्त खाते. हिशेब करून पाहा, बारा लिटरची गाय रोज दीड लिटर कमी देऊन राहिली तर महिन्याचे ४५ लिटर गेले, अन् डॉक्टरचा खर्च तर अजून सुरूच झाला नाही. म्हणून या लेखात मी औषधापेक्षा ओळखण्यावर जास्त लिहिलं आहे.

१. आधी समजून घ्या आत काय होतं

कासेला चार कप्पे असतात, चारही वेगवेगळे, एकाचं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणून एकच सड खराब होऊ शकतं अन् बाकी तीन ठणठणीत राहू शकतात. जंतू आत जातात ते सडाच्या तोंडातून. धार काढून झाली की ते तोंड लगेच बंद होत नाही, अर्धा ते एक तास उघडंच असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली तर पुढचं निम्मं आपोआप समजते.

जंतू दोन घरचे असतात. एक प्रकार आजारी गाईच्या कासेतच राहतो अन् आपल्या हातानं, फडक्यानं, मशीनच्या कपानं दुसऱ्या गाईत जातो, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यातला सगळ्यात चिवट, तो कासेत आत गाठी करून बसतो अन् मग औषध तिथपर्यंत पोचत नाही. दुसरा प्रकार शेणात, चिखलात, ओल्या जमिनीत राहतो, ई-कोलाय वगैरे, हा अचानक येतो अन् जोरात येतो, दूध पाण्यासारखं पातळ पडतं अन् गाय एका दिवसात बसून जाऊ शकते. पहिल्याला आवरायचं तर हात अन् धार काढायची पद्धत सुधारावी लागते, दुसऱ्याला आवरायचं तर कोठा. दोन्ही करावं लागते, एकानं भागत नाही.

२. सामान आधीच आणून ठेवा

गाय आजारी पडल्यावर रात्री नऊ वाजता मेडिकल शोधत फिरण्यापेक्षा हे घरात असू द्या:

- काळी वाटी, किंवा साध्या वाटीवर ताणून बांधलेलं काळं फडकं
- सीएमटीची (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, लपलेली दगडी ओळखायची चाचणी) किट, म्हणजे चार खणाचं प्लास्टिकचं पॅडल अन् जांभळ्या द्रावणाची बाटली. जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळते, नाही मिळाली तर कपडे धुवायची पावडर चालते, कसं ते खाली सांगतो
- टीट डिपचा कप अन् आयोडीनचं तयार टीट डिप, म्हणजे धार झाल्यावर सड बुडवायचं औषध, अर्धा टक्का आयोडीन अन् सोबत ग्लिसरीन असलेलं
- प्रत्येक गाईसाठी वेगळं सुती फडकं
- थर्मामीटर, कापूस, स्पिरिट
- एक वही

कागदाचं म्हणाल तर गाईच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला अन् त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दवाखान्यात, विम्यात, विक्रीत सगळीकडे तोच नंबर विचारतात. बिल्ला पडला असेल तर आजच दवाखान्यात सांगून नवीन मारून घ्या. विमा असेल तर पॉलिसीची झेरॉक्स, अन् आधी झालेल्या उपचाराच्या चिठ्ठ्या त्याच वहीत. सडात मारायची औषधाची ट्यूब शेवटी कोणती दिली होती हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे, "ती निळी वाली" असं सांगून डॉक्टरला काहीच समजत नाही.

३. रोजची काळी वाटी

दोन्ही वेळेला बादली लावायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत घ्या अन् पाहा. गाठी, दोरे, पांढरे कण, पिवळसरपणा, रक्ताचा डाग, पाणचटपणा, यातलं काहीही दिसलं तर ते सड आजारी समजा. काळ्यावर कण उठून दिसतो, स्टीलच्या बादलीत तोच कण फेसाखाली जातो अन् आपल्याला काहीच कळत नाही.

या पहिल्या धारा जमिनीवर मारायच्या नाहीत. पुष्कळ जण तसंच करतात, पण गाय थोड्या वेळानं तिथंच बसते. फिनाईलच्या डब्यात टाका अन् दूर फेका. दूध खारट लागते का म्हणून चाखून पाहायची जुनी सवय आहे, दगडीत दूध खारट होते हे खरं, पण कच्चं दूध चाखू नका, ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला तिथूनच लागतात.

४. पंधरा दिवसाला एकदा चारही सडाची चाचणी

लपलेली दगडी काळ्या वाटीत दिसत नाही, तिला ही सीएमटीची चाचणीच लागते. पाच मिनिटाचं काम आहे अन् घरातलं कोणीही करू शकते.

पहिल्या धारा काढून टाका. मग पॅडलच्या प्रत्येक खणात एकेका सडाचं दूध घ्या, चहाच्या चमच्याच्या निम्मं पुरते. पॅडलची दांडी नेहमी गाईच्या शेपटीकडेच धरा म्हणजे कोणता खण कोणत्या सडाचा हे घोळत नाही. दूध जेवढं तेवढंच द्रावण टाका अन् पॅडल आडवं धरून दहा सेकंद गोल गोल फिरवा. फिरवतानाच पाहायचं, ठेवून मग पाहू म्हटलं तर निकाल विरघळून जातो.

दूध पातळ पाण्यासारखं वाहत राहिलं तर सड चांगलं. थोडं घट्टसर होऊन परत पातळ झालं तर संशय, आठ दिवसांनी परत पाहा. घट्ट होऊन मधोमध गोळा झालं अन् पॅडल तिरपं केल्यावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखं एकदम लोंबलं तर त्या सडात दगडी आहे, मग कास कितीही मऊ असो अन् दूध कितीही पांढरं असो. दुधात ज्या पेशी वाढतात, शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या द्रावणानं फुटतात अन् हा चिकटपणा येतो. चांगल्या सडात मिलीलिटरला दोन लाखाच्या खाली पेशी असतात, दगडीत त्या कितीतरी पट वाढतात.

किट नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवा, चार वाट्या घ्या, दूध अन् हे पाणी सारखं सारखं टाका, अर्धा मिनिट हलवा. चिकट झालं की तोच अर्थ. किटइतकं बारीक नाही दाखवत पण काहीच न करण्यापेक्षा हजार पटीनं बरं. चाचणीचं दूध फेकून द्यायचं, वासराला नाही, कुत्र्याला नाही.

इथं एक फसगत होते. गाय व्याल्यावर पहिले चार-पाच दिवस चिकाचं दूध असते, तेव्हा चाचणी खोटी सांगते. आटायला आलेल्या, लिटरभर दूध देणाऱ्या गाईतही तसंच. त्या वेळचा निकाल धरून ट्यूबा मारत बसू नका.

अन् निकाल आला म्हणून लगेच अँटिबायोटिकही नाही. लपलेल्या दगडीत पुष्कळदा डॉक्टर धार काढायची पद्धत सुधारायला सांगतात, ती गाय शेवटी काढायला सांगतात, अन् औषध आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद करताना देतात. वहीत लिहा: तारीख, गाय, कोणतं सड, किती चिकट. दोन-तीन महिन्याचं पान पाहिलं की तुम्हालाच दिसून येईल की रोग एकाच गाईत आहे का सगळीकडे पसरून राहिला.

५. धार काढायची पद्धत

क्रम ठरवा. पहिलटकरू अन् चांगल्या गाई आधी, जुन्या त्यानंतर, दगडीवाली सगळ्यात शेवटी, अन् तिचं चांगलं सड आधी, खराब सड शेवटी. प्रत्येक गाईनंतर साबणानं हात धुवायचा. नखं कापलेली पाहिजेत.

कास पूर्ण भिजवून ओली ठेवायची नाही. सड तेवढे कोमट पाण्यानं धुवा, पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा एखादा कण टाकून फिकट गुलाबी रंग आला की बस, अन् मग कोरड्या फडक्यानं पुसा. ओल्या कासेवरून घाणेरडं पाणी ओघळत सडाच्या तोंडाशी येते अन् तुमच्याच हातानं आत जाते. त्याच कारणानं दुधात नाहीतर पाण्यात बोटं बुडवून धार काढणंही सोडा.

धार पूर्ण मुठीनं. अंगठा आत दुमडून काढली तर सडाच्या आतली कातडी सोलल्या जाते, काही महिन्यानं तिथं गाठ लागते, सड आतून अरुंद होते अन् मग गावातला कोणीतरी म्हणतो काडी घालून मोकळं करू. कडूनिंबाची काडी, सायकलची तार, सुई, काहीही सडात घालू देऊ नका. माझ्या पाहण्यातल्या जेवढ्या सडांत काडी गेली त्यातलं एकही परत नीट दुधाला आलं नाही.

पान्हा आल्यावर पाच-सात मिनिटात आटोपा, मधात फोन घेऊन उठू नका. पान्ह्यासाठी इंजेक्शन देणारे अजून आहेत, त्या भानगडीत पडूच नका.

धार झाली की लगेच प्रत्येक सड टीट डिपमध्ये बुडवा, खालचा निम्मा भाग तरी पूर्ण भिजला पाहिजे. नुसता फवारा मारला तर एकच बाजू भिजते. अन् मग गव्हाणीत कुटार नाहीतर हिरवा चारा टाका, म्हणजे गाय अर्धा-एक तास उभी राहील अन् सडाचं तोंड मिटेपर्यंत शेणात बसणार नाही. एका वेळेला एका गाईमागं खर्च अगदी थोडा आहे. पूर्ण लेखातलं एकच काम करायचं ठरवलं तर हे करा.

६. कोठा

आपली काळी माती पावसाळ्यात कासेला चिकटली की सुटत नाही. जून यायच्या आधी कोठ्यात अन् अंगणात मुरूम टाकून उतार काढून घ्या. गाय बसते ती जागा कोरडी पाहिजे, आठवड्यातून दोनदा चुन्याची पावडर भुरभुरा, शेण दिवसातून दोन-तीनदा उचला. कासेवरचे लांब केस कात्रीनं बारीक करा. मे महिन्यात उलटी चूक होते, ऊन लागते म्हणून दिवसभर गाईवर पाणी मारतात अन् खाली चिखल करून ठेवतात. पाणी मारा, पण पक्क्या जागेवर मारा अन् ते वाहून गेलं पाहिजे.

मिनरल मिक्श्चर रोज द्या. व्याल्यावर कॅल्शियम कमी पडलेली गाय जास्त वेळ बसून राहते, तिच्या सडाचं तोंडही ढिलं राहते, अन् दगडी तिलाच आधी गाठते.

७. सड सुजलंच, तर पहिल्या काही तासात काय

आधी ताप पाहा. गाईचं साधं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असते, १०३ च्या वर गेलं तर ताप. सुजलेल्या सडाचं दूध जेवढं निघेल तेवढं पूर्ण काढा, दिवसातून चार-पाच वेळा काढा, आत राहिलेलं दूध म्हणजे जंतूचं खाणं. गरम अन् लाल कासेवर बर्फाचं नाहीतर थंड पाणी मारा. शेक देऊ नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

या खुणा असतील तर सकाळची वाट पाहू नका: गाय उठत नाही, कान थंड, डोळे आत गेले, दूध पिवळं पाणी, किंवा सड निळं-काळं पडून थंड लागते. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

घरगुती लेप विचारतात लोक, तर एक लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्वतः सांगते: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून लालसर लगदा करायचा, त्यातला मूठभर थोड्या पाण्यात पातळ करून धुतलेल्या कासेला दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. दर वेळेला आधी दूध काढून घ्यायचं. सौम्य दगडीत मी याचा गुण पाहिला आहे. ताप असलेल्या गाईला फक्त लेप लावून बसू नका, तिला डॉक्टर पाहिजे.

८. ट्यूब मारताना

औषध डॉक्टरच ठरवतील, पण ट्यूब बहुतेक वेळा आपल्यालाच मारावी लागते. सड पूर्ण रिकामं करा. स्पिरिटच्या कापसानं सडाचं तोंड कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसा. चारही सडात मारायची असेल तर पुसताना दूरचे सड आधी अन् जवळचे नंतर, मारताना उलटं, जवळचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला आपला हात घासत नाही. नळी पूर्ण आत खुपसायची नाही, टोक तेवढं आत गेलं की पुरे. मग टीट डिप.

दुसऱ्याच दिवशी दूध पांढरं दिसायला लागते अन् लोक तिथंच थांबतात, उरलेल्या ट्यूबा फ्रीजवर ठेवून देतात. पंधरा-वीस दिवसानं तीच गाय, तेच सड, अन् आता ते औषध लागत नाही. डॉक्टरनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.

एकच सड परत परत सुजून राहिलं तर चौथी-पाचवी ट्यूब बदलून पाहण्यापेक्षा दुधाची कल्चर तपासणी करा, म्हणजे आत कोणता जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून पाहतात. औषध सुरू करायच्या आधी, स्पिरिटनं पुसलेल्या सडाच्या पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यायचा अन् बर्फात ठेवून न्यायचा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, किंवा जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय, कुठं पाठवायचा ते तुमच्या डॉक्टरला विचारा. कोणतं अँटिबायोटिक चालेल ते रिपोर्टमध्येच येते.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक कोणी देत असेल तर घेऊ नका, ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं अन् गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, अन् आपल्या गडचिरोलीत जी थोडी उरली आहेत ती तरी राहू द्या. मेलोक्सिकॅम मागा.

९. औषधाचं दूध

ट्यूब एका सडात मारली तरी चारही सडाचं दूध बाजूला. किती दिवस, ते ट्यूबच्या लेबलवर असते, लेबलवर नसेल तर आपल्याकडे नियम किमान सात दिवसाचा आहे, अन् हे दिवस शेवटच्या डोसपासून मोजायचे. डेअरीच्या कॅनमध्ये एका गाईचं दूध पूर्ण गावाच्या दुधात मिसळते, त्याचं दही लागत नाही, अन् ते कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते. गाईच्या गळ्यात किंवा मागच्या पायाला लाल फडकं बांधा, म्हणजे सकाळी घरातलं दुसरं कोणी धार काढायला बसलं तरी चुकणार नाही.

१०. आटवताना

आटवलेल्या काळात जुनी दगडी बरी करायची सगळ्यात चांगली संधी मिळते अन् नवीन लागायचाही धोका असतो. व्यायच्या साठ दिवस आधी आटवा. ढेप कमी करा, दूध जास्त असेल तर काही दिवस एक वेळच काढा, मग बंद. शेवटच्या धारेला कास पूर्ण रिकामी करायची, चाचणी करायची, अन् डॉक्टरला विचारून चारही सडात आटवायच्या वेळची वेगळी ट्यूब मारायची. ही ट्यूब आत महिनाभराच्या वर राहते, दुधाच्या गाईला चुकूनही मारू नका. नंतर टीट डिप, अन् आठ दिवस रोज नजरेनं पाहा. कास पहिले दोन-तीन दिवस ताणलेली दिसेल, घाबरून दूध काढू नका. एकच सड लाल अन् गरम झालं तर मात्र डॉक्टर.

११. जुनी गाठ अन् बाजारातली गाय

दोन वेळा पूर्ण कोर्स झाला, आटवताना ट्यूब झाली, तरी त्याच सडात गाठ हाताला लागते अन् चाचणी चिकटच येते, अशी गाय बाकी गाईंत रोग पेरत राहते. ते सड डॉक्टरकडून कायमचं बंद करून घेता येते, तीन सडावर गाय चालते. नाहीतर कमी करा, अन् घेणाऱ्याला खरं सांगा.

नवीन गाय घेताना बाजारात एक वेळची धार तुमच्यासमोर काढायला लावा, अन् पॅडल खिशात घेऊन जा. विकणारे रात्रीची धार न काढता आणतात, कास भरून टम्म दिसते, त्यात गाठ लपून जाते. म्हणून धार झाल्यावर रिकाम्या कासेवर हात फिरवा, चारही कप्पे सारखे मऊ लागले पाहिजेत, एखादा लहान किंवा कडक असेल तर विचारा. सडाच्या टोकाकडे पाहा, तोंडाभोवती फाटलेली, खरखरीत कातडी असेल तर चांगली खूण नाही. मग चारही सडाची चाचणी. मालक चाचणी करू देत नसेल तर पुढच्या दावणीला जा.